एम.टेक. आणि एम.एस.: आयआयटीतील मेकॅनिकलच्या दोन पदव्युत्तर वाटा

मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी मार्च महिन्यात गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा स्कोअर घेऊन भेटायला येतात, तेव्हा ‘एम.टेक.ला नंबर नाही लागला तर एम.एस. करीन’ हे वाक्य त्यांच्या बोलण्यात हमखास येते. या वाक्यात एक गैरसमज दडलेला आहे आणि त्यापायी विद्यार्थ्याची दोन-तीन वर्षे चुकीच्या जागी खर्ची पडू शकतात, म्हणून तो नीट उलगडून सांगणे मला आवश्यक वाटते. आयआयटीतील संशोधनाधारित एम.एस. ही एम.टेक.ची दुय्यम आवृत्ती नव्हे आणि तिच्यापेक्षा वरची पदवीही नव्हे. दोन्ही पदव्या एकाच पातळीच्या आहेत. फरक एवढाच, पण तो मुळातला, की एम.टेक.चा विद्यार्थी एका अभ्यासक्रमाला प्रवेश घेतो, तर एम.एस.चा विद्यार्थी एका प्रश्नाला आणि त्या प्रश्नावर काम करणाऱ्या मार्गदर्शकाकडे प्रवेश घेतो. प्रवेशाची पद्धत, लागणारा काळ, नोकरीचे गणित हे बाकीचे सगळे फरक याच एका गोष्टीतून निघतात.

गोंधळाला नावांनीही हातभार लावला आहे. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी मद्रासमध्ये या पदवीला एम.एस. म्हणतात, दिल्लीत तिच्यापुढे कंसात रिसर्च असे लिहितात, तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत याच स्वरूपाच्या पदवीला आज एम.टेक. (रिसर्च) असे नाव आहे आणि पूर्वी ती एम.एस्सी. (इंजिनिअरिंग) म्हणून ओळखली जात असे. म्हणजे नुसत्या नावावरून पदवीचे स्वरूप ओळखता येत नाही. त्यात भर म्हणून अमेरिकेतील ‘एम.एस.’ आहे. घरातले कोणी तिकडे शिकायला गेले असेल, तर पालकांच्या डोळ्यांसमोर तीच पदवी असते. परंतु अमेरिकन विद्यापीठांतील मेकॅनिकलची एम.एस. साधारणपणे तीस क्रेडिटची असते, ती बरीचशी विषयांच्या अभ्यासावर उभी असते आणि अनेक ठिकाणी प्रबंध न लिहिताही पूर्ण करता येते. स्वरूपाने ती आपल्या एम.टेक.ला जवळची आहे, आपल्या एम.एस.ला नाही. एम.ई. आणि एम.टेक. यांच्यातला भेद मात्र मुख्यतः विद्यापीठाने निवडलेल्या नावाचा आहे आणि त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही.

प्रवेशाच्या टप्प्यावरच दोन्ही वाटा वेगळ्या होतात. गेटचा मेकॅनिकलचा पेपर दोघांसाठी एकच: तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यांपैकी १५ गुण सामान्य क्षमतेचे, स्कोअर तीन वर्षे ग्राह्य. एम.टेक.च्या प्रवेशात हा स्कोअर बहुतेक वेळा अखेरचा शब्द असतो. आयआयटींचे प्रस्ताव ‘कोॲप’ या सामायिक पोर्टलवर फेऱ्यांनी येतात आणि विद्यार्थ्याला प्रत्येक फेरीत प्रस्ताव स्वीकारून थांबायचे, तो राखून पुढच्या फेरीची वाट पाहायची की नाकारायचा, एवढेच ठरवायचे असते. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटींसाठी ‘सीसीएमटी’ ही वेगळी प्रक्रिया आहे, पण तत्त्व तेच. कोणत्याही प्राध्यापकाला न भेटता, एकही प्रश्न तोंडी न सोडवता विद्यार्थी चांगल्या संस्थेत एम.टेक.ला दाखल होऊ शकतो.

एम.एस.मध्ये गेटचा स्कोअर दारापर्यंत नेतो, आत नेत नाही. स्कोअरवरून मुलाखतीस बोलावण्याची यादी तयार होते आणि निवड मुलाखतीवर, काही ठिकाणी लेखी चाचणी आणि मुलाखत अशा दोन्हींवर ठरते. या मुलाखतीची तयारी गेटच्या तयारीसारखी करून चालत नाही, हे मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. समोर बसलेल्या प्राध्यापकांना सूत्र पाठ आहे की नाही हे पाहायचे नसते. ते भिंतीला टेकून ठेवलेल्या शिडीचा मुक्त-पिंड आलेख (फ्री-बॉडी डायग्राम) काढायला सांगतात, मग जमिनीचे घर्षण काढून टाकतात आणि आता काय होईल असे विचारतात. किंवा पाइपातील प्रवाहाचा वेगाचा आलेख काढून घेतात आणि भिंतीपाशी वेग शून्य का धरला असा साधा दिसणारा प्रश्न टाकतात. उत्तर चुकले तरी विद्यार्थी चुकीवरून मागे कसा फिरतो, हे त्यांना पाहायचे असते, कारण पुढची अडीच-तीन वर्षे तो नेमके हेच करणार असतो. म्हणूनच ज्याचा स्कोअर एम.टेक.ला थोडक्यात कमी पडला, तो एम.एस.ला सहज लागेल असे मानणे धोक्याचे आहे. आणि ज्याचा स्कोअर फार उंच नाही पण पाया पक्का आहे, त्याने एम.एस.चा अर्ज न करणे हेही तितकेच नुकसानीचे आहे.

आत गेल्यावरचा फरक समजण्यासाठी एकच विषय दोघांना देऊन पाहावा. समजा, विषय उत्कलनाने थंड करण्याचा आहे: तांब्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खाचा पाडल्या, तर पाणी उकळताना तो पृष्ठभाग किती जास्त उष्णता वाहून नेऊ शकेल? सपाट, आडव्या पृष्ठभागावर वातावरणाच्या दाबाला ही मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला साधारण शंभर वॉटच्या आसपास असते आणि ती ओलांडली की पृष्ठभागावर वाफेचा पडदा तयार होऊन तापमान झपाट्याने चढते. पृष्ठभागाचे तापमान आणि वाहून नेलेली उष्णता यांचा संबंध दाखवणारा उत्कलनाचा वक्र १९३४ मध्ये जपानच्या शिरो नुकियामा यांनी मांडला, तरी ही मर्यादा वर कशी ढकलावी हा प्रश्न आजही जिवंत आहे, कारण इलेक्ट्रॉनिक्स आणि विजेच्या उपकरणांतून निघणारी उष्णता वाढतच चालली आहे.

एम.टेक.चा विद्यार्थी हा विषय घेतो, तेव्हा त्याची पहिली दोन सत्रे प्रगत उष्णता-वहन, संगणकीय द्रवगतिकी, प्रगत ऊष्मागतिकी, गणितीय पद्धती अशा विषयांत, त्यांच्या गृहपाठांत आणि परीक्षांत भरलेली असतात. प्रकल्पाला खऱ्या अर्थाने हात लागतो तो दुसऱ्या वर्षी, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये प्लेसमेंटही असते. हाती साधारण दहा महिने राहतात. एवढ्या काळात उपकरण शून्यातून उभे करणे अवघड असल्यामुळे मार्गदर्शक त्याला आधीपासून तयार असलेल्या मांडणीवर एक नवा नमुना तपासायला देतात किंवा प्रश्न संगणकीय प्रतिमानावर (मॉडेलवर) वळवतात. यात कमीपणा काही नाही. दहा-बारा विषयांचा पाया, एक नेमके साधन उत्तम हाताळण्याचे कौशल्य आणि वेळेत पूर्ण झालेला प्रबंध ही एम.टेक.ची खरी कमाई आहे आणि उद्योगाला बहुतेक वेळा तीच हवी असते.

एम.एस.चा विद्यार्थी हाच विषय घेतो, तेव्हा विषयांची संख्या बरीच कमी असते आणि तेही बहुधा संशोधनाला लागणारे, मार्गदर्शकाशी बोलून निवडलेले असतात. पहिल्या वर्षापासूनच तो प्रयोगशाळेत असतो. तांब्याचा ठोकळा कुठे यंत्रण करून घ्यायचा, त्यात कार्ट्रिज हीटर कसे बसवायचे, तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची छिद्रे किती खोल पाडायची, ठोकळ्याच्या कडेने उष्णता निसटू नये म्हणून कोणते आवरण घालायचे, हे सगळे त्याला स्वतः ठरवावे लागते. पहिल्यांदा सील गळते. दुसऱ्यांदा थर्मोकपल दोन अंशांनी वेगळे वाचतात आणि त्यांचे अंशांकन (कॅलिब्रेशन) पुन्हा करावे लागते. तिसऱ्यांदा आकडे मिळतात, पण ते सपाट पृष्ठभागाच्या प्रसिद्ध निष्कर्षांशी जुळत नाहीत आणि पाण्यात विरघळलेली हवा आधी उकळून काढली नव्हती, हे दोन आठवड्यांनी लक्षात येते. सहा-आठ महिने असे गेल्यानंतर जेव्हा सपाट नमुन्याचा वक्र अपेक्षित जागी येतो, तेव्हा कुठे खाचांच्या पृष्ठभागाचे खरे काम सुरू होते. या काळात आपण मागे पडलो असे वाटणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांना मी मनापासून सांगत आलो आहे की हा काळ वाया गेलेला नसतो. मोजमापावर विश्वास केव्हा ठेवावा हे शिकण्याची दुसरी जागा मला तरी माहीत नाही. शेवटी जो प्रबंध तयार होतो, तो संस्थेबाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि मग मौखिक परीक्षा होते. चांगल्या प्रबंधातून एखादा शोधनिबंधही निघतो.

याची किंमत काळाच्या रूपाने मोजावी लागते. एम.टेक. चार सत्रांत संपते, हे जवळजवळ गृहीत धरता येते. एम.एस.चा शेवट प्रबंध केव्हा तयार होतो यावर अवलंबून असल्यामुळे दोन वर्षांत ती क्वचितच संपते. अडीच ते तीन वर्षे धरून चालणे शहाणपणाचे. कंपनी जुलैमध्ये रुजू व्हा म्हणते आणि प्रबंध मात्र परीक्षकांकडेच असतो, अशी ओढाताण एम.एस.च्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येऊ शकते. प्लेसमेंटला बसण्यापूर्वी आपला प्रबंध कोणत्या महिन्यात सादर होईल, हे मार्गदर्शकाशी स्पष्ट बोलून घेणे म्हणूनच आवश्यक आहे. घरची आर्थिक ओढ असेल आणि दोन वर्षांनी पगार सुरू होणे गरजेचे असेल, तर एम.टेक. निवडण्यात काहीही चूक नाही आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये.

खर्चाच्या बाजूने दोन्हींत फारसे अंतर नाही. गेट उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला लागलेल्या विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन मिळते आणि त्याबदल्यात आयआयटीत आठवड्याला साधारण आठ तास अध्यापन-साहाय्याचे काम करावे लागते. एम.एस.चा नियमित विद्यार्थी मद्रासला अर्धवेळ अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून असतो. शिवाय एखाद्या प्रायोजित प्रकल्पावर कर्मचारी म्हणून काम करता करता एम.एस.ला नोंदणी करण्याची सोयही आहे. नोकरी सोडून परत शिकायला येणाऱ्यांनी तिचा जरूर विचार करावा. आयआयटी मुंबईतील मेकॅनिकल विभागाची रचना या दोन टोकांच्या मधली आहे. तिथे एम.टेक.चाच ‘आरए’ (संशोधन साहाय्यक) हा प्रवर्ग तीन वर्षांचा असतो आणि त्या विद्यार्थ्याकडे प्रयोगशाळेची किंवा प्रकल्पाची जबाबदारी असते. पदवीचे नाव एम.टेक., पण दिनक्रम बराचसा एम.एस.सारखा.

एक भीती मात्र निराधार आहे, ती म्हणजे ‘एम.एस. केली तर महाराष्ट्रातल्या कॉलेजात शिकवता येत नाही’ ही. तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमांत सहायक प्राध्यापकपदासाठी बी.ई. किंवा बी.टेक. आणि त्यानंतर एम.ई., एम.टेक. किंवा एम.एस. संबंधित शाखेत असावी आणि दोन्हींपैकी एका पदवीत प्रथम वर्ग असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. सार्वजनिक उपक्रमांतील नोकरीचे गणित तर दोन्ही पदव्यांना वळसा घालून जाते. एनटीपीसीसारख्या कंपन्या अभियंत्यांची भरती करताना बी.ई. आणि गेटचा स्कोअर पाहत आल्या आहेत. ज्याचे खरे ध्येय तिथली नोकरी आहे, त्याने दोन्हींपैकी कोणत्याही वाटेला लागण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. पुण्यातील कमिन्सच्या तांत्रिक केंद्रासारख्या किंवा १९६६ पासून वाहनांवर संशोधन आणि चाचण्या करणाऱ्या एआरएआयसारख्या ठिकाणी चाचणी, प्रतिमानीकरण आणि मोजमाप यांचा अनुभव कामाला येतो, आणि तो दोन्ही पदव्यांतून मिळू शकतो.

पीएच.डी.कडे ओढा असेल, तर पारडे एम.एस.कडे झुकते. अनेक संस्थांत चांगली प्रगती असलेल्या एम.एस.च्या विद्यार्थ्याला आपली नोंदणी पीएच.डी.त रूपांतरित करून घेता येते आणि परदेशी अर्ज करताना हाती प्रबंध आणि शोधनिबंध असतो. तरीही आपल्याला संशोधन आवडेल की नाही, हेच अजून ठाऊक नसेल, तर मी एम.टेक. सुचवतो. दहा महिन्यांच्या प्रकल्पात ते कळते आणि कळल्यानंतर पीएच.डी.चे दार उघडेच असते. उलट संशोधन नकोसे झाले हे एम.एस.च्या दुसऱ्या वर्षात कळले, तर तिथून मागे फिरणे फार जड जाते.

एम.एस.चा अर्ज भरण्यापूर्वी एक काम प्रत्येकाने करावे. ज्या विभागात जायचे आहे, तिथल्या प्राध्यापकांचे अलीकडचे तीन-चार शोधनिबंध मिळवून निदान प्रस्तावना आणि प्रयोगाची मांडणी वाचावी, आणि त्यांच्याकडे सध्या शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला लिहून आधीच्या विद्यार्थ्यांना पदवी मिळायला किती काळ लागला, उपकरणे चालू स्थितीत आहेत का, मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात, हे विचारावे. एम.टेक.साठी यातले काही करावे लागत नाही, कारण तिथे मार्गदर्शक प्रवेशानंतर ठरतो. मद्रासमध्ये एम.एस.चे प्रवेश जुलै आणि जानेवारी अशा दोन्ही सत्रांसाठी होतात. त्यामुळे जुलैची संधी हुकली किंवा वाचन अपुरे राहिले, तर घाईने कुठल्याही विषयाला होकार देण्यापेक्षा तोच स्कोअर घेऊन जानेवारीच्या प्रवेशासाठी तयारीने बसता येते.