उतरताना विमानाचा वेग कोण सांभाळतं?

पस्तीस हजार फुटांवरून खाली येताना जेट विमानाची इंजिनं बहुतेक वेळ आयडलवर, म्हणजे जेमतेम चालू असतात. विमान पुढे सरकतं ते स्वतःच्या वजनाच्या जोरावर. अशा वेळी ऑटोपायलटकडे खरं तर एकच सुकाणू उरतं, ते म्हणजे शेपटीवरचं एलिव्हेटर. नाक थोडं खाली केलं की वेग वाढतो, वर उचललं की कमी होतो. त्यामुळे एलिव्हेटरने एक तर ठरलेली उतरण पकडायची, नाही तर ठरलेला वेग. दोन्ही एकदम हवं असेल तर इंजिनाची किंवा पंखांवरच्या स्पीडब्रेकची (उभ्या राहून हवेला अडवणाऱ्या फळ्यांची) मदत घ्यावी लागते. उतरताना वेग कसा राखायचा याचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

सुरुवातीला ही अडचण कुणाच्या गावीही नव्हती. जून 1914 मध्ये लॉरेन्स स्पेरीने पॅरिसजवळ सीन नदीवर आपलं जायरोस्कोपचं (भोवऱ्यासारखं फिरत आपली दिशा न सोडणाऱ्या चाकाचं) यंत्र, म्हणजे सुरुवातीचा ऑटोपायलट, दाखवलं तेव्हा त्याने दोन्ही हात वर धरले, मेकॅनिक पंखावर चढला, तरी विमान सरळ उडत राहिलं. तेवढंच त्याचं काम! पुढची काही दशकं ऑटोपायलट विमान समतोल ठेवायचा, दिशा धरायचा, नंतर उंचीही धरू लागला. कुठून उतरायला लागायचं हा हिशेब मात्र वैमानिकाच्या डोक्यात असायचा: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. पस्तीस हजार फुटांना 105 मैल, शिवाय वेग कमी करायला दहाएक मैल. हा तोंडी हिशेब आजही वैमानिक करतात, आणि संगणकाचं उत्तर त्याच्याशी जुळत नसेल तर शंका संगणकावर घेतात. ते बरंच आहे.

मग दोन गोष्टी घडल्या. डिसेंबर 1960 मध्ये न्यूयॉर्कवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन 134 जण मेले. त्यानंतर अमेरिकेत विमानतळाजवळच्या वेगावर बंधनं आली आणि 1967 च्या अखेरीस दहा हजार फुटांखाली 250 नॉट्सची (तासाला 250 सागरी मैलांची) सरसकट मर्यादा लागू झाली. त्यामुळे उतरणीला मधेच एक पायरी पडली, कारण दहा हजारांच्या आसपास उतार सौम्य करून वेग मोडावा लागतो. दुसरी गोष्ट 1973 चं तेलसंकट. लवकर उतरून खालच्या दाट हवेत इंजिनं रेटत राहणं परवडेनासं झालं.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात लॉकहीड ट्रायस्टारवर आणि 1982 मध्ये सेवेत आलेल्या बोइंग 767 वर फ्लाइट मॅनेजमेंट संगणक आला तो या पार्श्वभूमीवर. त्याचा हिशेब उलटा चालतो. धावपट्टीपासून मागे मोजत, वेगाच्या आणि उंचीच्या अटी पाळत, भरलेला वारा धरून तो उतरणीचा आरंभबिंदू काढतो. वेग ठरतो कॉस्ट इंडेक्सवरून, म्हणजे वेळेचा खर्च आणि इंधनाचा खर्च यांच्या गुणोत्तरावरून: वेळ महाग असेल तर उशिरा, तीव्र आणि वेगाने उतरायचं, इंधन महाग असेल तर लवकर, सावकाश.

हिशेबात धरलेला वारा प्रत्यक्षात तसाच असतो असं नाही. पाठवारा अनपेक्षितपणे वाढला की विमान जमिनीच्या हिशेबाने वेगाने पुढे जातं, उतरण पकडायला नाक आणखी खाली जातं आणि वेग चढतो. बोइंगच्या व्हीनॅव्हमध्ये, म्हणजे संगणकाने काढलेली चढ-उतरण ऑटोपायलटकडून पाळून घेणाऱ्या यंत्रणेत, 'पाथ' मोड असेल तर एलिव्हेटर उतरण धरतं आणि वेग थोडा भटकतो. फार भटकला तर पडद्यावर 'ड्रॅग रिक्वायर्ड' अशी सूचना येते. स्पीडब्रेकचा दांडा मात्र वैमानिकालाच ओढावा लागतो. 'स्पीड' असेल तर उलट, वेग पक्का आणि उतरण सैल. एअरबसने वेगाच्या पट्टीवर साधारण 20 नॉट्स खाली-वर अशी मुभाच आखून दाखवली. खालची हद्द आली की इंजिन जोर लावतं, वरची आली की विमान उतरण सोडून वेग सांभाळतं.

कोणता मोड चालू आहे याचा विसर किती महाग पडतो हे भारताने 14 फेब्रुवारी 1990 रोजी बंगळूरला पाहिलं. इंडियन एअरलाइन्सचं नवंकोरं ए-320 उतरत होतं 'ओपन डिसेंट'मध्ये. या मोडमध्ये इंजिन आयडलवर आणि वेग नाकाच्या कोनावर. धावपट्टीच्या जवळ तर इंजिनाने वेग राखायला हवा होता. दोन्ही वैमानिकांचे फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवणाऱ्या खुणा) बंद झाले असते तर ऑटोथ्रस्टने, म्हणजे इंजिनाचा जोर आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेने, ते काम घेतलं असतं, पण एक चालूच राहिला. वेग घसरत गेला, जोर द्यायला उशीर झाला आणि विमान धावपट्टीआधी गोल्फच्या मैदानावर आदळलं. 146 पैकी 92 जण गेले. न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशीत वैमानिकांच्या चुकीवर बोट ठेवलं गेलं. माझ्या मते कॉकपिटच्या रचनेलाही त्यात वाटा होता: ऑटोथ्रस्ट चालू असताना एअरबसचे थ्रस्ट लिव्हर (इंजिनाचा जोर ठरवणारे दांडे) जागचे हलत नाहीत, त्यामुळे इंजिन आयडलवर आहे हे हाताला कळत नाही, पडद्यावर वाचावं लागतं. देशातली ए-320 विमानं त्यानंतर काही महिने जमिनीवर होती. पुढे या विमानांत ऊर्जा कमी पडू लागली की 'स्पीड, स्पीड, स्पीड' असं ओरडणारा इशारा आला.