एका कळीवर दोन लिप्या: बेळगाव सीमाभागातल्या घरगुती लिनक्सची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत संगणक आला तेव्हा पहिली अडचण लिपीची होती. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून घरातले कागद दोन लिप्यांत साठत आले आहेत. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, आजोबांची पत्रे देवनागरीत; जमिनीचा उतारा आणि कचेरीतले अर्ज कन्नडमध्ये. हे कागद लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या घरच्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असलेल्या संगणकावर, ठेवायचे तर ही पार्श्वभूमी माहीत हवी.

१९९० च्या दशकात डीटीपीवाले जे फाँट वापरत, त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की पानभर अगम्य चिन्हे, आणि त्यात एखादे नाव शोधायची सोय नाहीच. त्या काळातल्या फाइली आजही अनेकांकडे पडून आहेत. आधी त्यांचे युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात) रूपांतर करावे, मगच त्या सर्व्हरवर ठेवाव्यात.

यातून सुटका करणारा विचार भारतातच झाला होता. इस्की या भारतीय मानकात ब्राह्मीतून आलेल्या लिप्यांना एकच मांडणी दिली गेली, आणि युनिकोडने त्याची १९८८ ची आवृत्ती धरून ती पुढे चालवली. म्हणून देवनागरीचा क त्याच्या गटाच्या सुरुवातीपासून २१ घरे पुढे आहे, आणि कन्नडचा क त्याच्या गटातही नेमका २१ घरे पुढेच. इन्स्क्रिप्ट कळफलक याच तत्त्वावर उभा आहे: इंग्रजी के च्या कळीवर मराठीत क उमटतो, कन्नड निवडले की कन्नड क. बोटांना एकदा वळण लागले की दोन्ही लिप्या हाती येतात. सीमाभागाला याहून उपयोगी देणगी दुसरी मिळालेली नाही असे मी मनापासून मानतो. आणि तरीही इथे बहुतेक जण इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करतात, याचे वाईट वाटते. लिनक्सवर आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम घालून दोन्ही कळफलक जोडले की पुरते.

अक्षरे नीट दिसायला मात्र वेळ लागला. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये लोहित फाँट मुक्त परवान्याखाली दिले. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा ऱ हिंदीला लागत नाही, त्यामुळे तो बऱ्याच ठिकाणी चुकीचा उमटे.

लिनक्स स्वतः १९९१ चे. पण ५६ केबीपीएसच्या डायल-अपवर ७०० एमबीची सीडी उतरवायची तर वेग पूर्ण मिळाला तरी दिवसाहून जास्त वेळ जाई. त्यामुळे मासिकांसोबत येणाऱ्या सीडी आणि २००५ ते २०११ या काळात उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीने टपालाने फुकट पाठवलेल्या सीडी हाच खरा मार्ग होता. इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या खोल्यांतून त्या हातोहात फिरत.

विजेचाही यात वाटा आहे. जुन्या ईएक्सटी२ फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) अचानक वीज गेली की पुढच्या वेळी सगळी डिस्क तपासावी लागे. २००१ मध्ये कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आलेली ईएक्सटी३ आधी नोंद करून मग लिहिते, त्यामुळे ती तपासणी क्षणात होते. खानापूरकडच्या पावसात वीज किती वेळा जाते हे ठाऊक असलेल्यांना हा फरक सांगायला नको. आजही मी सर्व्हरसाठी जुना लॅपटॉपच सुचवतो. बॅटरी धड असेल तर यूपीएस वेगळा लागत नाही.

२०१२ च्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकामुळे घरचा सर्व्हर स्वस्त झाला, २०१६ मध्ये फाइली घरच्या सर्व्हरवर ठेवू देणारे नेक्स्टक्लाउड आले. इथल्या घरांना मात्र सर्वांत कामाचे पेपरलेस-एनजीएक्स, कागदांचा संग्रह सांभाळणारा प्रोग्राम. स्कॅन केलेल्या कागदातला मजकूर ते टेसरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून वाचून घेते. मुळात ते फक्त इंग्रजी धरून चालते. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जोडून, सेटिंगमध्ये नेमून द्याव्यात, म्हणजे उताराही सापडतो आणि पत्रही. जुन्या हस्ताक्षरापुढे मात्र ते हरते, तिथे शीर्षक हाताने लिहावे.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला हे सगळे तिथून उघडायचे असते, आणि नवशिक्यांची गाडी इथेच अडते. एप्रिल २०११ मध्ये आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेकडे आयपीव्ही४ पत्त्यांचा, म्हणजे इंटरनेटवर यंत्र ओळखायच्या जुन्या पद्धतीच्या क्रमांकांचा, शेवटचा गट उरला. त्यानंतर इंटरनेट कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवू लागल्या. राउटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांपैकी असेल तर तुम्ही त्यातलेच. मग पोर्ट फॉरवर्डिंगवर, म्हणजे बाहेरची मागणी राउटरमधून सर्व्हरकडे वळवण्यावर, तासन्‌तास घालवू नका. जोडणीला आयपीव्ही६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत, मिळत असेल तर ते वापरा. नसेल तर भाड्याचा छोटा सर्व्हर घेऊन वायरगार्डचा बोगदा, म्हणजे घर आणि तो सर्व्हर यांतली सुरक्षित खासगी जोडणी, काढा. मार्च २०२० पासून वायरगार्ड कर्नलमध्येच आहे. किंवा वायरगार्डवरच उभारलेली टेलस्केल ही तयार सेवा वापरा, ते जास्त सोपे.