गुलाबाची पानं रात्रीत कोण खातंय?

जूनच्या सुरुवातीला वळवाची एक चांगली सर पडून गेली आणि दोन दिवसांनी सकाळी बघतोय तर अंगणातल्या गुलाबाच्या पानांची पार चाळण, काही पानांची तर नुसती मधली शीर उरलेली. अळी शोधली, पानं उलटी करून पाहिली, काहीच नाही. आईचं म्हणणं शेळी आत आली असणार. रात्री साडेआठला बॅटरी घेऊन गेलो तर फांदीफांदीला तपकिरी भुंगेरे लटकलेत आणि निवांत जेवणं चाललीत.

हे हुमणीचे भुंगेरे, शास्त्रीय नाव होलोट्रिकिया सेराटा. आमच्या ऊसपट्ट्यात हुमणी कुणाला सांगायला नको, पण ती मुळं खाणारी पांढरी अळी म्हणून माहितीये, हा भुंगेरा म्हणजे तीच मोठी झालेली हे बऱ्याच बागवाल्यांच्या लक्षात येत नाही. वर्षातून एकच पिढी. जमिनीत झोपलेले भुंगेरे पहिल्या पावसाने माती ओली झाली की अंधार पडता पडता एकदम बाहेर येतात, बाभूळ, बोर, कडुनिंब अशा झाडांवर जमतात, तिथेच खाणं आणि मीलन, आणि उजाडायच्या आत परत मातीत. म्हणून दिवसा गुलाबावर औषध मारत बसलात तर ते वरातीमागून घोडं.

आता कडुनिंबाचं नाव वर आलंच आहे तर गंमत बघा, आपण ज्याच्यावर निंबोळी तेल मारायला धावतो त्याचं आवडीचं खाणंच कडुनिंबाचा पाला! कीटकांना नको होणारं अझाडिरॅक्टिन सगळ्यात जास्त निंबोळीच्या बीमध्ये असतं, पानात त्या मानाने फारच कमी. त्यामुळे शेजारी कडुनिंब आहे म्हणून आपला गुलाब सुरक्षित असं अजिबात नाही, उलट पाहुणे तिथूनच येतात.

मग करायचं काय? पावसानंतरचे ते थोडेच दिवस हातात असतात. रात्री आठच्या पुढे बादलीत पाणी आणि थोडा भांडी घासायचा लिक्विड सोप घ्यायचा, फांदीखाली बादली धरून झटका द्यायचा, बदाबदा पडतात. साबणामुळे पाण्याचा ताण कमी होतो आणि भुंगेरा तरंगत न राहता बुडतो, नुसत्या पाण्यातून बरेचसे चढून बाहेर येतात. किळस वाटते, मान्य, पण एक मादी मारली म्हणजे मातीत पडणारी तिची पुढची सगळी अंडी टळली. गल्लीतल्या सगळ्यांनी केलं तर जास्त फरक पडतो, कारण हे उडून येणारे आहेत, तुमच्या कुंपणाला विचारत नाहीत.

अळ्यांसाठी मेटारायझियम नावाची बुरशी शेणखतात मिसळून ओल्या मातीत देतात. ती अळीच्या कातडीतून आत शिरते आणि मेलेल्या अळीवर हिरवट पूड दिसते. ही आयडिया जुनी आहे, 1879 मध्ये मेचनिकॉफ नावाच्या शास्त्रज्ञाने रशियन साम्राज्यातल्या ओडेसात गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर हीच बुरशी वापरून बघितली होती, पुढे 1908 चं नोबेल त्याला मिळालं ते मात्र रोगप्रतिकारशक्तीच्या कामाबद्दल. कोरड्या मातीत बुरशी चालत नाही, उन्हाळ्यात टाकाल तर पैसे वाया.

आणि एक, पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले असतील तर तो भुंगेरा नाही, ती पानकापी मधमाशी, घरट्याला अस्तर लावायला नेते, तिला काही करू नका.

तसंच कुंडी उपसताना इंग्रजी सी सारखी वळलेली पांढरी अळी दिसली की लगेच चिरडायची घाई नको. फरशीवर ठेवा. कुशीवर वळून पडली तर हुमणी असण्याची शक्यता जास्त. पण पाठीवर उताणी होऊन, पाय वर करून सरळ चालायला लागली (खरंच चालते, आमच्या पोरांनी तर तिची शर्यत लावली होती) तर ती फुलभुंग्याची अळी, ती कुजलेलं खाते आणि खत करून देते. मोठी झाल्यावर हाच फुलभुंगा दिवसाढवळ्या गुलाबाच्या पाकळ्या कुरतडतो ही गोष्ट वेगळी, पण तेवढ्यासाठी मी तरी तिला परत कंपोस्टच्या ड्रममध्येच टाकतो.