व्हॅलिडिटीचं काम अकरावीतच हातात घ्या

आमच्या तांड्यावरच्या एका पोरीचा इंजिनिअरिंगला राखीव जागेवर नंबर लागला होता, मार्क होते, जातीचा दाखला होता, फक्त व्हॅलिडिटी, म्हणजे दाखला तपासून मिळणारं जात वैधता प्रमाणपत्र, नव्हती, मुदत संपली अन् जागा गेली. मायबाप ऊसतोडीला, घरात शिकणारी ती पहिलीच, तिला सांगणारं कुणी नव्हतं.

एससी, एसटी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), यातल्या ज्याला इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी असल्या कोर्सला राखीव जागा पाहिजे त्याला दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं. दाखला प्रांत ऑफिसचा, व्हॅलिडिटी जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीची. एसटीची समिती वेगळी, मराठवाड्यातल्या एसटीवाल्यांनी संभाजीनगरला चौकशी करावी. बाकीच्यांनी बार्टी या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, प्रिंट काढायची, कॉलेजकडून 15-ए नमुन्यावर प्राचार्यांची सही-शिक्का घ्यायचा, वंशावळीचं शपथपत्र नमुना 3 अन् दुसरं नमुना 17 जोडायचं.

खरी धावपळ जुन्या पुराव्याची. एससीला 10 ऑगस्ट 1950, एसटीला 6 सप्टेंबर 1950, व्हीजेएनटीला 21 नोव्हेंबर 1961, ओबीसी-एसबीसीला 13 ऑक्टोबर 1967, या तारखेच्या आधीची जातीची नोंद बघतात, तीही बापाकडच्या माणसाची, आईकडची चालत नाही. आजोबा, चुलत आजोबा ज्या शाळेत गेले तिथल्या प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा मागा. आपल्याकडं 1948 पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळं जुने कागद उर्दूत नाहीतर मोडीत निघतात, आडनाव नसतं, नुसतं 'सखाराम वल्द मारोती' असतं, म्हणजे मारोतीचा मुलगा सखाराम. घाबरू नका, जाणकाराकडून मराठी भाषांतर करून मूळ प्रतीसोबत लावा, अन् वंशावळीत नाव जसंच्या तसं लिहा. आजोबाच्या नोंदीत लमाणी अन् पोरीच्या दाखल्यावर बंजारा असलं तरी दोन्ही नावं व्हीजे-ए, म्हणजे विमुक्त जाती (अ) च्या यादीत एकाच जातीखाली आहेत, हे अर्जात स्पष्ट लिहा.

बाप, सख्खा भाऊ-बहीण, चुलता यांच्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी झालेली असंल तर ती आधी जोडा, काम बरंच हलकं होतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर जमिनीचे, जन्म-मृत्यूचे जुने उतारे शोधा. कागदानं समितीचं समाधान झालं नाही तर केस दक्षता पथकाकडं जाते, ते गावात येऊन चौकशी करतात, तवा घरी जाणतं माणूस पाहिजे. पथकाचा अहवाल विरोधात गेला तर त्याची प्रत देऊन तुमचं म्हणणं मागतात, त्या नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्याच अन् पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्या.