उलगडायला जागा कुठे?

१९८२ साली आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या मोठ्या मॉडेलमध्ये रॅम होती ४८ केबी. त्यातले ६,९१२ बाइट नुसत्या पडद्याने अडवलेले. एवढ्यात गेम कोंबायचा तर चित्रं दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवणं आलं. पण दाबलेलं कधीतरी उलगडावं लागतं आणि उलगडायलाही जागा लागते. खरी गोम इथे आहे.

उलगडणारा प्रोग्रॅम स्वतः चिमुकला असतो. आइनार साउकास यांच्या झेडएक्स७ पद्धतीत तो ६९ बाइटांत बसतो. मी आत्ता लिहितोय ते वाक्यसुद्धा त्यात मावणार नाही. काही पद्धतींना सोबत तक्ता लागतो, उदाहरणार्थ एक्झोमायझरला १५६ बाइटांचा. तेवढ्याने कोणाचं दिवाळं निघत नाही.

जागा खाऊ शकतो तो मागचा मजकूर. लेम्पेल आणि झिव यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, येऊन गेलेलं काही पुन्हा आलं की ते न लिहिता फक्त खूण करतात: ‘इतकी घरं मागे जा, इतके बाइट उचल.’ म्हणजे मागचं सगळं हाताशी हवं. आजची नेहमीची झिप फाइल ३२ केबी मागेपर्यंत बोट दाखवू शकते. बीबीसी मायक्रो या त्याच काळातल्या संगणकाच्या मॉडेल बीची सगळी रॅमच तेवढी होती!

जुन्या यंत्रांवर मात्र उलगडलेला डेटा थेट मेमरीत उतरतो आणि तिथेच राहतो. मग वेगळी प्रत ठेवायची कशाला? मागे वळून त्यातलंच उचलायचं. गंमत म्हणजे अजून न लिहिलेलंही उचलता येतं. ‘कख’ लिहून झाल्यावर ‘दोन मागे जा, सहा उचल’ अशी खूण आली, तर एकेक अक्षर उतरवत गेल्यावर ‘कखकखकखकख’ तयार होतं. स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरची एलडीआयआर ही एकच सूचना हे काम करते.

उरला प्रश्न दाबलेल्या डेटाचा. समजा, पडदाभर चित्र ३,००० बाइटांत बसलं. दोन्ही वेगवेगळे ठेवले तर ९,९१२ बाइट गुंतले. म्हणून दाबलेला डेटा उलगडायच्या जागेच्याच शेपटीशी ठेवतात आणि लिहिणं सुरुवातीपासून सुरू करतात. लिहिणारा हात वाचणाऱ्याच्या मागोमाग येतो आणि वाचून झालेलं पुसत जातो. त्याने वाचणाऱ्याला गाठलं की खेळ खलास, कारण न वाचलेलाच डेटा पुसला जाणार. म्हणून शेपटी थोडे बाइट पुढे सरकवतात. किती, हे दाबतानाच मोजता येतं, आणि ते काम हल्ली ऐसपैस मेमरीच्या आधुनिक संगणकावर होतं.

उलगडायला वेळही लागायचा. कमोडोर ६४ या त्याच काळातल्या संगणकावर त्या वेळात पडद्याची कड रंगीबेरंगी लुकलुकताना अनेकांनी पाहिली असेल. कडेचा रंग मेमरीतल्या ५३२८० या पत्त्यावरून ठरतो. हाती आलेला बाइट तिथेही टाकला की यंत्र जिवंत असल्याचं कळायचं. त्यासाठी लागणारी सूचना फक्त तीन बाइटांची.