बोलहूनच्या चर्चची चार पॅनेल : पार्श्वभूमी

फिलिपिन्सच्या सेबू बेटाच्या दक्षिण टोकाकडे, समुद्राला लागून बोलहून हे छोटं गाव आहे. तिथल्या मारिया मातेच्या चर्चमधल्या पुल्पिटची, म्हणजे प्रवचनासाठीच्या उंच चौथऱ्याची, चार लाकडी पॅनेल 2024 च्या फेब्रुवारीत अचानक बातमीत आली. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने ती 'देणगी' म्हणून स्वीकारल्याचं जाहीर केलं आणि लगेच सेबूत आरडाओरडा सुरू झाला. कारण हीच पॅनेल 1980 च्या दशकात चर्चमधून गायब झाली होती.

आजची वास्तू ऑगस्टिनियन संघाच्या धर्मगुरूंनी 1783 मध्ये बांधायला घेतली. आधीचं चर्च दक्षिणेकडच्या मोरो (तिथल्या मुस्लिम) हल्लेखोरांनी जाळलं होतं. ती धास्ती दगडात उतरलेली दिसते. प्रवाळाच्या दगडाच्या जाड भिंती, भोवती तटबंदी, जवळ पहाऱ्याचा बुरूज. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या एका धर्मगुरूने किनाऱ्यावर टेहळणी बुरुजांची साखळीच उभी केली. गलबतं दिसली की एका बुरुजावरून दुसऱ्याकडे इशारा जायचा. लोक त्याला 'कॅप्टन पाद्री' म्हणायचे. चर्चच्या आवारातल्या उत्खननात स्पॅनिश बांधकामापूर्वीची दफनं आणि त्यांच्यासोबत पुरलेली चिनी-जपानी भांडी सापडली. म्हणजे गाव चर्चहून जुनं आहे.

देशाने या वास्तूला 1999 मध्ये ऐतिहासिक स्थळाचा आणि 2001 मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. या तारखा इथे महत्त्वाच्या आहेत, कारण पॅनेल गेली ती दोन्हींच्या आधी. ती कशी गेली, हाच वादाचा गाभा.

गावकऱ्यांच्या मते ती चोरी होती. तेव्हाच्या धर्मगुरूनेच ती विकू दिली असावीत, अशीही चर्चा होती. पॅनेल परत मागणाऱ्या सेबूच्या महाधर्मप्रांताने, म्हणजे तिथल्या कॅथलिक चर्चच्या वरिष्ठ प्रशासनाने, मात्र चोरी की विक्री या फरकाला फारशी किंमत दिली नाही, आणि ते योग्यच होतं. धर्मग्रामाची (एका चर्चशी जोडलेल्या स्थानिक समुदायाची) मालमत्ता धर्मगुरूच्या खाजगी मालकीची नसते. तो तिचा सांभाळ करतो. कॅथलिक धर्मकायद्यानुसार लोक ज्यांना मोठा मान देतात अशा मूर्ती व्हॅटिकनच्या परवानगीशिवाय विकताच येत नाहीत. पुल्पिटचं पॅनेल त्या व्याख्येत चपखल बसतं का, यावर वकील भांडू शकतील. पण वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय मौल्यवान वस्तू देवळाबाहेर काढायची नाही, हा नियम नवा नव्हता.

संग्रहालयाची बाजू अशी : वस्तू खाजगी संग्राहकांकडून रीतसर मिळाली, आता ती सगळ्या राष्ट्राची आहे, आणि मनिलात ती सुरक्षित राहील. शेवटचा मुद्दा अगदीच फोल नाही. खेड्यापाड्यातल्या चर्चमधून हस्तिदंती मूर्ती, वेदीचे तुकडे, चांदीची भांडी गेली ती बरेचदा दुर्लक्षामुळे किंवा डागडुजीला पैसा नव्हता म्हणून. तरी एक प्रश्न संग्रहालयाला आधीच पडायला हवा होता. कोणत्या चर्चमधून आली हे ठाऊक असताना, स्वीकारण्यापूर्वी त्या चर्चला विचारलं का नाही? नवी मालकी सांगायची, पण मूळ जागेच्या नावावर वस्तूचं मोल वाढवायचं, हे जरा विचित्रच.

अशा दाव्यांना पाठबळ देणारे कायदे अलीकडचे आहेत. चर्चच्या सांस्कृतिक ठेव्याबद्दल व्हॅटिकन आणि फिलिपिन्स यांच्यात 2007 मध्ये करार झाला. राष्ट्रीय वारसा कायदा 2009 चा. वस्तू गेली 1980 च्या दशकात, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा कायदा निवडता आला. प्रांतिक सरकार सेबूच्या बाजूने उभं राहिल्यावर वादाला राजधानी विरुद्ध प्रांत असा रंग चढला. मनिला सगळं ओढून घेते ही सेबूची जुनी तक्रार. ती इथे कितपत लागू पडते हा वेगळा प्रश्न, पण तिच्यामुळे दबाव वाढला, हे खरं.

वर्षभराच्या वाटाघाटींनंतर, 2025 च्या मार्चमध्ये चारही पॅनेल बोलहूनला परतली. संग्रहालयाने ती स्वतः दिली. न्यायालयाचा निकाल नव्हे, त्यामुळे मालकीचा प्रश्न कायद्याने मिटलेला नाही. देशभरच्या खाजगी संग्रहांत अशा कितीतरी वस्तू पडून आहेत, आणि त्या मागणाऱ्या गावांना बोलहूनचं उदाहरण दाखवता येईल, पुरावा म्हणून पुढे करता येणार नाही.