हाताची रेघ संगणकात कशी आली: सेलपासून ओपनटून्झपर्यंत

ओपनटून्झ हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर आज कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. पण पहिल्यांदा उघडणारा माणूस बहुतेक वेळा गोंधळतो. मूळ मांडणीत फ्रेम डावीकडून उजवीकडे न जाता वरून खाली उतरत जातात. रेघेचा रंग वेगळा, आतल्या भरावाचा वेगळा. शिवाय ‘पेग’ नावाचं काहीतरी असतं आणि चित्राच्या ऐवजी तेच हलवायचं असतं. या मांडणीमागे प्रोग्रामरची लहर नाही. कागदावर ॲनिमेशन करणाऱ्यांच्या टेबलावर जे जसं होतं, ते तसंच्या तसं पडद्यावर आलं आहे. म्हणून आधी ते टेबल पाहायला हवं.

टेबलाच्या मधोमध काच आणि काचेखाली दिवा. कागदाला ठरलेल्या मापाची भोकं, ती पेगबार नावाच्या पट्टीवरच्या खुंट्यांवर (पेगवर) बसवायची, म्हणजे प्रत्येक कागद नेमका आधीच्या कागदावर बसतो. ॲनिमेटर डाव्या हाताच्या बोटांत तीन-चार कागद धरून ते पुढे-मागे पाडत राहतो आणि हालचाल नीट आहे का ते पाहतो. सेकंदाला २४ फ्रेम, पण पुष्कळदा एक चित्र दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. मुख्य ॲनिमेटर महत्त्वाच्या पोझ काढतो, मधली चित्रं इनबिटवीनर भरतो. कोणतं चित्र कितव्या फ्रेमला, कोणत्या थरात, कॅमेरा कुठे सरकणार, हे सगळं एक्स-शीट नावाच्या उभ्या तक्त्यावर लिहिलेलं असतं. ओपनटून्झमधल्या वरून खाली जाणाऱ्या फ्रेम म्हणजे हाच तक्ता.

कागदावरचं चित्र पुढे सेलवर, म्हणजे सेल्युलॉइडच्या पातळ पारदर्शक तावावर उतरायचं. ही युक्ती अमेरिकेतल्या अर्ल हर्ड यांची, १९१४ च्या सुमाराची. पुढच्या बाजूने शाईची रेघ, पाठीमागून रंग. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि तिच्यावर सेल ठेवून एकेक फ्रेम कॅमेऱ्याने टिपायची. मात्र सेल पूर्ण पारदर्शक नसतो. चार-पाच थर झाले की खालचे रंग मळकट दिसू लागतात. त्यामुळे एकाच सदऱ्याचा निळा रंग वरच्या थरासाठी वेगळा आणि खालच्या थरासाठी वेगळा मिसळावा लागे. डिस्नेच्या शाई-रंग विभागात हे काम प्रामुख्याने स्त्रिया करत. त्यांच्या हातची रेघ इतकी सफाईदार असे, की पडद्यावर ती कुणाची आहे हे ओळखू येऊ नये, हीच त्या कामाची कसोटी होती. ॲनिमेशनच्या इतिहासात या हातांची नावं फार कमी नोंदली गेली, हे मला कायम खटकतं.

यंत्राने पहिला घाला घातला तो याच विभागावर. डिस्नेमधल्या अब आयवर्क्स यांनी झेरॉक्सचं तंत्र असं जुळवून घेतलं, की पेन्सिलचं चित्र थेट सेलवर छापता येऊ लागलं. डिस्नेच्या १९६१ सालच्या शंभरावर एक डाल्मेशियन कुत्र्यांच्या चित्रपटात इतक्या ठिपक्यांची कुत्री परवडली ती त्यामुळेच. शाईची मऊ रेघ गेली, पण ॲनिमेटरची खरखरीत पेन्सिल पहिल्यांदाच प्रेक्षकाला दिसली.

संगणकवाल्यांचं लक्ष मात्र सुरुवातीला दुसरीकडेच होतं. त्यांना इनबिटवीन हवं होतं: दोन मुख्य चित्रं द्या, मधली संगणक काढेल. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी तशी प्रणाली बांधली. तिच्यावर पीटर फोल्डेस यांनी १९७४ साली भुकेवरचा एक लघुपट केला आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. त्यात माणसांच्या रेघा वितळून दुसऱ्या आकारात शिरतात. विषयाला ते शोभलं. पण चालणारा, वळणारा, हात पाठीमागे नेणारा माणूस त्या पद्धतीने जमत नव्हता.

का जमत नव्हता, हे संगणकशास्त्रज्ञ एड कॅटमुल यांनी १९७८ साली सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेतल्या निबंधात नेमकं मांडलं. ते तेव्हा न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये होते. त्यांचा मुद्दा असा: ॲनिमेटरच्या डोक्यातलं पात्र त्रिमितीत असतं, कागदावर येते ती त्याची फक्त सपाट सावली. हात अंगामागे गेला की रेघ दिसेनाशी होते. माणसाला कळतं की हात तिथे आहे, प्रोग्रामला कळत नाही. हरवलेली ही माहिती चित्रात कुठेच नसते, मग संगणक ती आणणार कुठून?

या प्रश्नाला बगल देऊनच पुढची वाट निघाली. संगणक मागच्या दाराने आला. चित्र हातानेच, कागदावरच काढायचं. स्कॅन झाल्यावर पुढचं रंगकाम आणि कॅमेरा तेवढा संगणकाचा. डिस्ने आणि पिक्सार यांनी मिळून केलेली ‘कॅप्स’ ही प्रणाली याच विचारातून आली. १९८९ च्या जलपरीच्या चित्रपटात तिचा पहिला प्रयोग झाला आणि १९९० साली एक संपूर्ण चित्रपट तिच्यावर तयार झाला. मळकट थरांची अडचण एका झटक्यात संपली. कितीही थर ठेवा, निळा तो निळाच. गालावरची हलकी लाली, पार्श्वभूमीतून खोल शिरणारा कॅमेरा हे सगळं स्वस्त झालं. शाई-रंगाची टेबलं मात्र रिकामी होत गेली.

कॅप्स डिस्नेच्या भिंतीबाहेर गेली नाही. बाहेरच्यांसाठी इंग्लंडच्या केंब्रिजमध्ये ॲनिमो, जपानमध्ये सेल्सिसचं रेटास, कॅनडाच्या माँट्रियलमध्ये टून बूम आणि रोममध्ये डिजिटल व्हिडिओ या कंपनीचं टून्झ अशी सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकात उभी राहिली. त्यांतल्या टून्झची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. स्टुडिओ जिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओने १९९७ सालच्या आपल्या चित्रपटाच्या काही भागासाठी ते वापरलं. १९९९ सालचा त्यांचा चित्रपट तर पूर्णच डिजिटल रंगकामाचा. जिबलीने टून्झ आपल्या कामाप्रमाणे घडवून घेतलं. ढीगभर कागद एकसारखे स्कॅन व्हावेत, पेगची भोकं ओळखून प्रत्येक चित्र जागेवर बसावं, यासाठी त्यांनी जीटीएस हे स्कॅनिंगचं साधन उभं केलं.

टून्झमध्ये चित्र साठवायची रीत पाहण्यासारखी आहे. साध्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला एक रंग असतो. टून्झच्या स्मार्ट रास्टर चित्रात प्रत्येक ठिपक्याकडे ३२ बिट असतात. त्यांतले १२ बिट सांगतात रेघ कोणत्या रंग-क्रमांकाची, १२ सांगतात भराव कोणत्या क्रमांकाचा आणि उरलेले ८ सांगतात की हा ठिपका रेघेकडे किती झुकतो आणि भरावाकडे किती. म्हणजे चित्रात रंग नसतोच, रंगाचा क्रमांक असतो. रात्रीच्या दृश्यात मुलीचा झगा गडद हवा असेल, तर पॅलेटमध्ये, म्हणजे रंगांच्या यादीत, त्या क्रमांकाचा रंग बदलायचा, शेकडो चित्रांतला झगा एकदम गडद. रेघ आणि भराव वेगळे असल्यामुळे रेघेचा रंगही स्वतंत्र बदलता येतो. सेलच्या पुढे शाई आणि मागे रंग, ही जुनी फोड इथे आकड्यांत शिल्लक आहे. रेघेत बारीक फट राहिली तर रंग बाहेर सांडतो, म्हणून फट आपोआप बंद करायचीही सोय आहे.

चित्र थेट पडद्यावर काढायचा प्रवाह वेगळाच होता. फ्रान्समधल्या मेत्स शहरातलं टीव्हीपेंट अमिगा संगणकावर सुरू झालं. त्यात रेघ पहिल्यापासून संगणकातच उमटायची. अमेरिकेत जोनाथन गे यांनी पेनने चालणाऱ्या संगणकांसाठी चित्र काढायचं सॉफ्टवेअर केलं. ते संगणकच बाजारात टिकले नाहीत. तेव्हा त्याला हालचाल जोडली आणि १९९६ साली मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेऊन नाव ठेवलं फ्लॅश. पुढची कहाणी आपल्याकडच्या सायबर कॅफेतल्या पोरांनाही पाठ आहे.

आपल्या देशात हाताचं टेबल बरंच आधी आलं होतं. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ साली सुरू झाला, तिथे डिस्नेमध्ये काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी शिकवलं आणि ॲनिमेटर राम मोहन यांची पिढी घडली. विजया मुळे यांची दूरदर्शनवर गाजलेली ‘एक अनेक और एकता’ (१९७४) ही चित्रफीत आजही कुणी गुणगुणलं की पुढची ओळ तोंडात येते. ती याच हाताच्या परंपरेतली.

सेल जायला मात्र वेळ लागला. जपानमधली ‘साझाए-सान’ ही मालिका २०१३ पर्यंत सेलवर बनत होती. महागड्या सॉफ्टवेअरची भिंतही तशीच उभी होती. सिन्फिग हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर २००५ साली खुलं झालं, म्हणजे त्याचा कोड कुणालाही घेऊन वापरता येऊ लागला, पेन्सिल टूडी आणि क्रिटा ही तशीच सॉफ्टवेअर आली, पण स्टुडिओत मुरलेलं साधन अजून सामान्यांना मिळालं नव्हतं. ते मार्च २०१६ मध्ये मिळालं. जपानच्या द्वांगो कंपनीने डिजिटल व्हिडिओशी करार करून टून्झचा कोड ओपनटून्झ या नावाने खुला केला, जिबलीने घडवून घेतलेल्या साधनांसह आणि व्यावसायिक वापराच्या परवानगीसह. इतक्या वर्षांच्या कामाचा अनुभव असा मोकळा वाटून टाकणं ही मोठ्या मनाची गोष्ट होती. पुढे त्याच कोडवरून ताहोमा टूडी निघालं, त्याची मांडणी नवशिक्याला सोपी जाते.

कॅटमुल यांच्या प्रश्नाला अलीकडे आडबाजूने उत्तर मिळू लागलंय. ब्लेंडर हे त्रिमितीचं सॉफ्टवेअर. त्यातलं ग्रीज पेन्सिल आधी नुसतं खुणा करायचं साधन होतं, २०१९ च्या २.८ आवृत्तीत ते पूर्ण रेखाटनाचं साधन झालं. जेरेमी क्लापँ यांनी त्याच वर्षी आलेल्या, तुटलेल्या हाताच्या गोष्टीवरच्या फ्रेंच चित्रपटात पात्रांची हालचाल आधी त्रिमितीत करून घेतली आणि मग कलाकारांनी ग्रीज पेन्सिलने तिच्यावर रेघा काढल्या. हात पाठीमागे गेला तरी तो कुठे आहे हे मॉडेलला माहीत असतं. ओठांचा मुरडा, कपड्याची चुणी, कुठे रेघ जाड करायची आणि कुठे सोडून द्यायची, हे अजून माणूसच ठरवतो.